रक्कम सारखी म्हणून व्यवहारही तोच? कम्पेअरटू आणि इक्वल्स यांचा मेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या एका हिशेबाच्या प्रणालीत ‘व्यवहार’ नावाचा क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, आहे. अहवालात व्यवहार रकमेच्या क्रमाने यावेत म्हणून त्या क्लासमध्ये कम्पेअरटू (दोन वस्तूंत लहान-मोठं कोण ते सांगणारं, सारख्या असल्या तर शून्य देणारं) लिहिलंय आणि ते फक्त रक्कम बघतं. इक्वल्स (दोन वस्तू समान आहेत का ते सांगणारं) आणि हॅशकोड (वस्तू पटकन शोधता यावी म्हणून तिचा एक आकडा काढणारं) मात्र व्यवहार क्रमांकावर चालतात. पुढे कोणीतरी ‘दर वेळी सॉर्ट कशाला करायचं’ म्हणून अ‍ॅरेलिस्ट काढून ट्रीसेट (वस्तू क्रमाने लावून, प्रत्येक एकदाच ठेवणारा संच) बसवला आणि अहवालातून काही व्यवहार गळायला लागले. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या. टीममधल्या अनुभवी सहकाऱ्याचं म्हणणं असं की इक्वल्ससुद्धा रकमेवरच चालवा, म्हणजे दोन्हींचा मेळ बसेल. हा उपाय बरोबर आहे का, आणि असा मेळ मुळात सक्तीचा आहे का, हे विचारलंय.

सहकाऱ्याने दुखणं बरोबर हेरलंय. पण त्यांचा उपाय केलात तर आजचा बग परवडला असं म्हणायची वेळ येईल. मेळ बसवायचाच असेल तर क्रम इक्वल्सच्या मागे गेला पाहिजे, इक्वल्सने क्रमाच्या मागे जायचं नाही. आणि तुमच्या बाबतीत तर या क्लासला स्वतःचा असा क्रम असायलाच नको, असं माझं मत आहे. कारणं सांगतो.

आधी व्यवहार गळतात कसे ते बघू. ट्रीसेटच्या आत लाल-काळं संतुलित झाड असतं. नवीन वस्तू आली की ती मुळापासून खाली उतरते आणि प्रत्येक गाठीपाशी एकच प्रश्न विचारला जातो: तू हिच्यापेक्षा लहान, मोठी की शून्य? शून्य आलं की झाड समजतं, ही वस्तू आपल्याकडे आधीच आहे. या सगळ्या प्रवासात इक्वल्सला कोणी हाक मारत नाही. पाचशे रुपयांचा पहिला व्यवहार आत बसतो, पाचशेचा दुसरा आला की अ‍ॅड ‘फॉल्स’ परत देतं आणि मोकळं होतं. अ‍ॅडचं उत्तर वाचणारा कोड मी क्वचितच पाहिलाय, म्हणून ही गळती कोणाच्या कानावर जात नाही.

ट्रीमॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या कीच्या क्रमाने ठेवणारा तक्ता) वापरत असाल तर प्रकार आणखी वाईट. तिथे शून्य आलं की जुनी की तशीच राहते आणि तिच्यासमोरची व्हॅल्यू बदलते. म्हणजे पहिल्या व्यवहाराच्या नावासमोर दुसऱ्याचा तपशील. गळलेली नोंद बेरीज चुकल्यावर निदान शोधता येते, अशी सरमिसळ झालेली नोंद जागेवर दिसत असूनही चुकीची असते.

शाळेच्या गुणवत्ता यादीत दोघांचा क्रमांक तिसरा आला म्हणून कोणी एकाचं नाव खोडत नाही. तुमचा कम्पेअरटू क्रमांक सांगतोय आणि ट्रीसेट त्यालाच ओळख समजतोय. चूक दोघांपैकी एकट्या कोणाची नाही, त्यांना एकत्र आणण्याची आहे.

आता सक्तीबद्दल. कम्पॅरेबल हा इंटरफेस, म्हणजे कम्पेअरटू ज्यातून येतं तो करार, १९९८ साली जावा १.२ मध्ये, कलेक्शन्सच्या चौकटीबरोबरच आला. त्याच्या दस्तऐवजात काही अटी बंधनकारक आहेत: अ आणि ब यांची तुलना उलटी केली की चिन्ह उलटलं पाहिजे, अ मोठा ब पेक्षा आणि ब मोठा क पेक्षा असेल तर अ मोठा क पेक्षा असलाच पाहिजे, आणि दोन वस्तूंची तुलना शून्य येत असेल तर तिसऱ्या कुठल्याही वस्तूशी त्या दोघींचं नातं सारखंच हवं. इक्वल्सशी मेळ असावा ही मात्र जोरदार शिफारस आहे, बंधन नाही. मेळ नसेल तर क्लासच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहा, असंही तिथे सुचवलंय, अगदी कुठलं वाक्य वापरायचं तेसुद्धा दिलंय. आणि अपवाद म्हणून खुद्द जावाच्याच घरातल्या एका क्लासचं नाव घेतलंय: बिगडेसिमल, म्हणजे अचूक दशांश संख्यांचा क्लास.

बिगडेसिमलवर जरा थांबू, कारण तुमची ‘रक्कम’ बहुधा त्याच प्रकारची असणार. बिगडेसिमल आत दोन गोष्टी ठेवतो, एक पूर्णांक आणि एक स्केल, म्हणजे दशांश चिन्हानंतर किती अंक. २.० म्हणजे २० आणि स्केल १. २.०० म्हणजे २०० आणि स्केल २. कम्पेअरटू किंमत बघतं आणि शून्य देतं. इक्वल्स दोन्ही गोष्टी बघतं आणि ‘फॉल्स’ देतं. त्यामुळे २.० आणि २.०० हॅशसेटमध्ये (हॅशकोड आणि इक्वल्सवर चालणाऱ्या संचात) टाकले तर दोन राहतात, ट्रीसेटमध्ये टाकले तर एकच.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण इक्वल्सच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे: दोन वस्तू समान म्हणायच्या तर एकीच्या जागी दुसरी ठेवल्यावर उत्तर बदलता कामा नये. २.० ला ३ ने भागून अर्ध्याला वर ढकलणारं राउंडिंग सांगा, उत्तर ०.७ येतं. तोच भागाकार २.०० घेऊन करा, उत्तर ०.६७ येतं. दोघांची किंमत एक, पण हिशेबातलं वागणं वेगळं. म्हणजे इक्वल्सने त्यांना वेगळं म्हणणं अगदीच अतार्किक नाही. व्याज किंवा कर काढणाऱ्या कोडमध्ये हा फरक पैशांत दिसतो.

बाकीच्यांनी वेगळी वाट धरली. पायथनच्या डेसिमलमध्ये २.० आणि २.०० समान आहेत, त्यांचा हॅशही एकच, आणि पूर्णांक २ चा हॅशसुद्धा तोच. शून्यांचाही फरक पाहायचा असेल तर त्यासाठी कम्पेअर_टोटल नावाची वेगळी मेथड आहे. डॉटनेटच्या डेसिमलमध्येही दोन्ही समान. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या न्यूमेरिकमध्येही समान, आणि तिथे हॅश काढताना शेवटची शून्यं सोडून दिली जातात. मला विचाराल तर रोजच्या कामाला पायथनची मांडणी सोयीची, पण जावाची मांडणी चुकीची म्हणण्याइतकी सरळ गोष्ट नाही.

आता सहकाऱ्याच्या उपायाकडे या. ‘इक्वल्सही रकमेवर चालवा’ म्हणून तुम्ही इक्वल्समध्ये रकमेचं इक्वल्स बोलावलंत तर मेळ बसतच नाही! एका व्यवहाराची रक्कम ५००.० आणि दुसऱ्याची ५००.०० असेल तर कम्पेअरटू शून्य, इक्वल्स ‘फॉल्स’. आणि अशा रकमा येतातच. डेटाबेसमधून दोन दशांशांचा कॉलम वाचला की ५००.०० येतो, बाहेरच्या सेवेकडून आलेल्या जेसनमधून ५०० येतो. जावा १६ पासून कायम झालेले रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवणारे आटोपशीर क्लास) वापरलेत तरी हेच, कारण रेकॉर्डचं आपोआप तयार होणारं इक्वल्स प्रत्येक घटकाचं इक्वल्स बोलावतं.

मग इक्वल्समध्ये रकमेचं कम्पेअरटू बोलावून शून्य तपासलंत, तर हॅशकोडही बदलावा लागतो, नाहीतर समान वस्तूंचे हॅश वेगळे आणि हॅशमॅप बिघडला. त्यासाठी शेवटची शून्यं काढून टाकणारी स्ट्रिपट्रेलिंगझिरोज वापरतात. जावा ७ पर्यंत तिच्यात एक मजेदार बग होता, ०.०० ची शून्यं ती काढायचीच नाही, जावा ८ मध्ये तो दुरुस्त झाला. आज ती नीट चालते. पण एवढं सगळं करून मिळवलं काय? पाचशे रुपयांचे सगळे व्यवहार, कोणाचेही, कधीचेही, आता एकमेकांचे समान झाले. हॅशसेट त्यातला एकच ठेवेल. दुबार वस्तू काढणारं स्ट्रीमवरचं डिस्टिंक्ट बाकीचे गाळेल. लिस्टमधून ‘हा व्यवहार काढ’ म्हटलं तर पाचशेचा जो पहिला सापडेल तो निघेल. आज फक्त ट्रीसेटमध्ये असलेली गळती उद्या कोडच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचेल. इक्वल्स वापरणारी ठिकाणं क्रम वापरणाऱ्या ठिकाणांपेक्षा किती तरी जास्त असतात, आणि त्यातली निम्मी तुम्ही न लिहिलेल्या लायब्ररीत असतात.

याची उलट बाजूही आहे, ती कमी बोलली जाते. इक्वल्स ‘समान’ म्हणतं आणि कम्पेअरटू शून्य देत नाही. ईमेल पत्त्याचं इक्वल्स लहान-मोठं अक्षर न बघता लिहिलंय आणि कम्पेअरटू सरळ स्ट्रिंगचं वापरलंय, असं समजा. मग ट्रीसेटमध्ये एकच ग्राहक दोनदा बसतो आणि त्याला दोन मेल जातात. गाळण्यापेक्षा हे बरं, कारण ग्राहक स्वतःच कळवतो.

मेळ नसल्याचे परिणाम किती चमत्कारिक होऊ शकतात हे बघायचं असेल तर रिमूव्हऑल (दिलेल्या यादीतल्या सगळ्या वस्तू संचातून काढणारी मेथड) करून बघा. ट्रीसेटला अक्षरांचा लहान-मोठेपणा न बघणारा तयार कम्पॅरेटर (क्लासच्या बाहेर लिहिलेला तुलनेचा नियम) द्या. स्ट्रिंग क्लासमध्ये तो असतोच. आपण देवनागरीवाल्यांना लहान-मोठ्या अक्षरांची भानगड नाही, म्हणून रोमन लिपीतली तीन मोठी अक्षरं घ्या: मोठा ए, मोठा बी, मोठा सी. ती सेटमध्ये टाका. आता छोटा ए आणि छोटा बी असलेली लिस्ट देऊन रिमूव्हऑल बोलवा. दोन्ही निघून जातात, सेटमध्ये फक्त सी उरतो. पुन्हा सुरुवातीपासून करा, पण या वेळी लिस्टमध्ये छोटा सीसुद्धा घाला. काढायला जास्त सांगितलं, आणि निघालं काहीच नाही! तिन्ही जागेवर.

कारण अ‍ॅबस्ट्रॅक्टसेट या ट्रीसेटच्या पूर्वज क्लासमध्ये आहे. रिमूव्हऑल आधी आकार बघतं. सेट मोठा असेल तर दिलेल्या लिस्टवरून फिरतं आणि एकेक वस्तू सेटमधून काढतं. तिथे सेटचा कम्पॅरेटर लागतो. सेट मोठा नसेल तर सेटवरून फिरतं आणि प्रत्येक वस्तू लिस्टमध्ये आहे का असं विचारतं; तिथे लिस्टचं इक्वल्स लागतं. वेग वाढावा म्हणून केलेली ही निवड, दोन्ही निकष एकच उत्तर देतील असं धरून चालते. आकारावरून फाटा बदलतो हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण मुलाखतीतलं कोडं म्हणून नव्हे, प्रॉडक्शनमध्ये हा बग भेटला तर तो ‘कधी कधी’ होणारा बग असतो. डेटा किती आहे त्यावर तो दिसतो किंवा दिसत नाही, आणि टेस्टमधला डेटा नेहमी छोटा.

सममितीही जाते. त्याच कम्पॅरेटरच्या ट्रीसेटमध्ये छोटा ए आणि साध्या हॅशसेटमध्ये मोठा ए ठेवा. ट्रीसेटला विचारलं, तू त्याच्यासारखा आहेस का, तर तो हो म्हणतो. हॅशसेटला विचारलं तर तो नाही म्हणतो. टेस्टमध्ये अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांची अदलाबदल केली की निकाल बदलतो, आणि मग बिल्ड सर्व्हरला शिव्या पडतात.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना हा विषय आणखी जवळचा आहे. नावांची यादी मराठी क्रमाने लावायला बहुतेक जण आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा कोलेटर (भाषेच्या नियमांनी मजकुराची तुलना करणारा) वापरतात, आणि ते योग्यच आहे. नुसत्या युनिकोड क्रमाने लावलेली मराठी यादी वाचवत नाही. पण कोलेटर हा क्रम लावण्यासाठी आहे. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: कोणी खाली नुक्ता असलेला ऱ वापरतो, कोणी साध्या र नंतर हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचं जोडचिन्ह देतो. दिसायला दोन्ही सारखे, पण स्ट्रिंगचं इक्वल्स त्यांना वेगळे म्हणतं. उलट, कोलेटर क्रम लावताना ते अदृश्य जोडचिन्ह मोजतच नाही. त्यामुळे जोडचिन्ह घालून लिहिलेल्या डोंगरातल्या ‘दर्‍या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांची तुलना शून्य येते. ‘आचार्‍यांना जेवण सांगितलं’ आणि ‘आचार्यांना जेवण सांगितलं’ यांचंही तेच. कोलेटर दिलेल्या ट्रीसेटमध्ये हे शब्द टाकले तर एक जातो आणि दिसायला सारखे असलेले दोन वेगळे म्हणून राहू शकतात. शब्दसूची, गावांची नावं, मतदारयाद्या यांवर काम करणाऱ्यांनी एवढं तरी करावं: आत येणारा मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणा, आणि कोलेटरने शून्य दिलं की मूळ स्ट्रिंगच्या साध्या तुलनेने निकाल लावा. युनिकोडचं प्रमाणीकरण ‘र अधिक नुक्ता’ आणि एकसंध ‘ऱ’ यांना एक करतं, पण जोडचिन्हवाल्या रूपाला हात लावत नाही. ते बदलायचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो.

डेटाबेस या बाबतीत काय करतात ते बघण्यासारखं आहे. पोस्टग्रेसमध्ये नेहमीचं कोलेशन (मजकुराच्या क्रमाचे नियम) दोन मजकुरांना सारखं म्हणालं तरी तो बाइट बघून फरक करतो. म्हणजे क्रम भाषेचा, समानता बाइटांची, आणि दोघांत भांडण नाही. तसं नको असेल तर २०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून वेगळ्या प्रकारचं कोलेशन मुद्दाम मागून घ्यावं लागतं. मायएसक्यूएल ८ चं मूळ कोलेशन मात्र लहान-मोठं अक्षरही बघत नाही आणि अक्षरावरच्या खुणाही बघत नाही, आणि युनिक इंडेक्सलाही तोच नियम लावतं. ते स्वतःशी सुसंगत आहे, जावाशी नाही. तुमच्या हॅशसेटला जे दोन वाटतात ते टेबलला एक वाटतात आणि इन्सर्ट ‘डुप्लिकेट’ म्हणून परत येतं. नुक्ता ही त्याच्या लेखी खूणच, त्यामुळे तिथे नुक्तावाला ‘दऱ्या’सुद्धा ‘दर्या’त बुडतो.

चांगली मांडणी बघायची असेल तर जावा ८ मधला ऑफसेटडेटटाइम (तारीख, वेळ आणि ग्रिनिचपासूनचा फरक म्हणजे ऑफसेट ठेवणारा क्लास) बघा. भारतातले सकाळचे साडेदहा, साडेपाच तास पुढे, आणि ग्रिनिचचे पाच हा काळाचा एकच क्षण. त्याच्यावरचं इजइक्वल ‘हो’ म्हणतं, कारण ते क्षण बघतं. इक्वल्स ‘नाही’ म्हणतं, कारण घड्याळ आणि ऑफसेट वेगळे. आणि कम्पेअरटू? ते आधी क्षण बघतं, क्षण सारखा निघाला की स्थानिक वेळ बघतं, त्यामुळे शून्य देत नाही. क्रम नैसर्गिक राहिला आणि इक्वल्सशी मेळही राहिला. ‘क्षण तोच का’ या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी स्वतंत्र नाव दिलं, तो दोघांपैकी कोणाच्या गळ्यात मारला नाही. तुमच्या क्लासमध्ये मला हेच हवंय.

दुसऱ्या भाषांत काम करणाऱ्यांसाठी थोडं. एकाच जेव्हीएमवर (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवर) कॉटलिनमध्ये ‘बरोबर बरोबर’ (==) म्हणजे इक्वल्स आणि ‘लहान किंवा समान’ म्हणजे कम्पेअरटू, त्यामुळे २.० हा २.०० पेक्षा लहान-किंवा-समान आहे, मोठा-किंवा-समानही आहे, आणि समान नाही. ग्रूव्हीत तेच ‘बरोबर बरोबर’ कम्पॅरेबल वस्तूंना कम्पेअरटू लावतं आणि ‘हो’ सांगतं. जावाचा कोड ग्रूव्हीतल्या टेस्टने तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. सी++ मध्ये स्टँडर्डच्या सेटला पहिल्यापासून फक्त ‘लहान’ एवढंच माहीत आहे, आणि सी++२० मध्ये तर तीनमुखी तुलनेच्या प्रकारातच सांगता येतं की शून्य म्हणजे ‘तीच वस्तू’ की ‘फक्त त्याच जागेची’. रस्टमध्ये ऑर्ड या क्रमाच्या करारात मेळ बंधनकारक आहे, आणि नॅनमुळे (‘संख्या नाही’ असं सांगणाऱ्या किमतीमुळे) फ्लोट प्रकारच्या दशांश संख्यांना ऑर्ड दिलेलंच नाही. २०२४ च्या १.८१ आवृत्तीपासून तुलना धड नसेल तर सॉर्ट पॅनिक करू शकतं, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवू शकतं.

पायथनवाल्यांनी मात्र एक सापळा नीट बघावा. पायथनच्या हीपक्यू मॉड्यूलच्या अधिकृत दस्तऐवजात प्राधान्याच्या रांगेसाठी ऑर्डर चालू केलेला डेटाक्लास (तुलनेच्या मेथड आपोआप मिळणारा क्लास) दिलाय, त्यात मुख्य वस्तूच्या फील्डला ‘कम्पेअर’ बंद केलंय. त्या स्विचमुळे फील्ड क्रमातून जातं तसं समानतेतूनही जातं. म्हणजे एकाच प्राधान्याची दोन वेगळी कामं एकमेकांची समान होतात. रांगेत ढकलणं आणि काढणं एवढंच करत असाल तर काही बिघडत नाही. कोणी त्या लिस्टमधून एक काम रद्द करायला रिमूव्ह वापरलं की भलतंच काम रद्द होतं.

आता तुमच्या कोडमध्ये काय करायचं ते. ‘व्यवहार’मधून कम्पॅरेबल काढून टाका. व्यवहाराला नैसर्गिक असा एकच क्रम नसतो. आज रकमेने हवाय, उद्या तारखेने, परवा खात्याने. क्लासवर कम्पेअरटू लिहिणं म्हणजे यातला एक कायमचा खरा मानणं. त्याऐवजी नाव असलेले कम्पॅरेटर ठेवा: ‘रकमेनुसार’, ‘तारखेनुसार’. प्रत्येकात शेवटी व्यवहार क्रमांकाची तुलना जोडा, देनकम्पेअरिंगची एक ओळ. इक्वल्स क्रमांकावर चालतं, म्हणून क्रमांक शेवटी आला की शून्य फक्त तोच व्यवहार असेल तेव्हाच येईल. इक्वल्स ज्यावर चालतं ते सगळं या टाय-ब्रेकरमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या शेवटच्या तुलनेत) यायला हवं, अर्धवट जोडलंत तर गळती कमी होईल, थांबणार नाही. इक्वल्स सात-आठ फील्डवर चालत असेल आणि टाय-ब्रेकर लिहायचा कंटाळा येत असेल, तर आधी इक्वल्सकडेच संशयाने बघा.

ट्रीसेटची गरज आहे का, हेही तपासा. अहवाल एकदाच तयार होतो आणि छापला जातो. तिथे लिस्ट भरून एकदा सॉर्ट करणं पुरेसं आहे. लिस्टचं सॉर्ट शून्याला घाबरत नाही, ते स्थिर आहे, सारख्या वस्तू आल्या त्या क्रमाने ठेवतं. रकमेनुसार गट हवे असतील तर रक्कम ही की आणि व्यवहारांची लिस्ट ही व्हॅल्यू असा ट्रीमॅप चांगला. विशेष म्हणजे तिथे बिगडेसिमलचा ‘दोष’ उपयोगी पडतो, ५००.० आणि ५००.०० एकाच गटात जातात. हॅशमॅपने गट केलेत तर ते दोन होतील.

कम्पेअरटू उघडून एकदा बघा, कारण त्यात अनेकदा वजाबाकी करून इंटव्हॅल्यू (फक्त पूर्णांक भाग) परत दिलेली सापडते. ५००.०० आणि ५००.६० यांची वजाबाकी साठ पैसे, पूर्णांकात शून्य. ५००.६० आणि ५०१.२० यांचीही शून्य. पण ५००.०० आणि ५०१.२० यांची शून्य नाही. हा क्रमच नव्हे. करारातली बंधनकारक अट इथे मोडली आहे. मग कोणता व्यवहार गळेल हे ते कोणत्या क्रमाने आत आले त्यावर ठरतं. जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या अ‍ॅरे टिमसॉर्ट या पद्धतीने लावल्या जातात, आणि तो कधी कधी ही गोष्ट पकडून ‘तुलनेने आपला करार मोडलाय’ अशा अर्थाचं एक्सेप्शन फेकतो. कधी कधीच. ते दाबायला जुनं सॉर्ट परत आणणारी एक सिस्टीम प्रॉपर्टी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. पैशांत मोजलेल्या इंटची (३२ बिटांच्या पूर्णांकाची) वजाबाकीही तशीच धोक्याची: इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे जेमतेम सव्वादोन कोटी रुपयांच्या आत. दीड कोटी जमा आणि एक कोटी नावे यांची वजाबाकी केली की चिन्हच उलटतं.

आणखी एक, झाडात बसलेल्या व्यवहाराची रक्कम नंतर बदलू देऊ नका. बदलली की तो आहे त्या जागी बसून राहतो आणि शोधणारा भलत्या फांदीवर जातो.

टेस्ट हिरव्या का राहिल्या याचं उत्तर बहुधा तुमच्या टेस्टच्या डेटात आहे. टेस्ट लिहिताना माणूस सवयीने १००, २००, ३०० अशा रकमा घेतो. त्याऐवजी सारख्या रकमेचे, वेगळ्या क्रमांकाचे दोन व्यवहार, ५०० आणि ५००.००, शून्य आणि ०.००, एक ऋण रक्कम, हे नमुने घाला. मग सगळ्या जोड्यांवर फिरून दोन गोष्टी तपासा: तुलना उलटली की चिन्ह उलटतं का, आणि शून्य येतं ते नेमकं इक्वल्स ‘हो’ म्हणतं तेव्हाच का. वीस ओळींची टेस्ट आहे, प्रत्येक कम्पॅरेटरला लागू होते. रक्कम तपासताना नेहमीचं असर्टइक्वल्स न वापरता अ‍ॅसर्टजेचं किंवा हॅमक्रेस्टचं (या दोन्ही टेस्टच्या लायब्ररी) तुलनेने जुळवणारं रूप वापरा, नाहीतर ५०० आणि ५००.०० वरून टेस्ट विनाकारण लाल होतात आणि कोणीतरी वैतागून इक्वल्सलाच हात घालतो. जावातल्या वस्तू डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या हायबरनेटवाल्यांनी हा निर्णय आधीच घेतलाय: बिगडेसिमल कॉलम बदलला का हे ते कम्पेअरटूने बघतात, म्हणून २.० चं २.०० झाल्यावर उगाच अपडेट जात नाही.

अहवाल पानांमध्ये दाखवत असाल तर एसक्यूएलमध्येही तोच टाय-ब्रेकर लावा. नुसतं रकमेवर ऑर्डर बाय करून लिमिट-ऑफसेट दिलंत तर सारख्या रकमेच्या ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही; एक व्यवहार दोन पानांवर दिसेल आणि दुसरा एकाही पानावर नाही. रकमेनंतर व्यवहार क्रमांक जोडला की संपलं.

आणि हे दुरुस्त करून मोकळे होऊ नका, मागचे अहवाल तपासायचे आहेत. ट्रीसेट ज्या कमिटमध्ये आला त्याची तारीख काढा. त्या दिवसापासूनच्या प्रत्येक अहवालासाठी डेटाबेसमध्ये रकमेनुसार गट करून जिथे एकापेक्षा जास्त व्यवहार आहेत ते गट काढा. कम्पेअरटूत वर सांगितलेली वजाबाकी नसेल तर गळलेले व्यवहार त्यांतच आहेत. मूळ टेबलमध्ये ते शाबूत आहेत, फक्त छापले गेले नाहीत, तेव्हा अहवाल पुन्हा काढता येतील. अपवाद एकच: त्याच कम्पेअरटूवर चालणारा ट्रीमॅप कुठे असेल आणि त्यातून परत टेबलमध्ये काही लिहिलं जात असेल तर तिथला डेटाच बदललेला असू शकतो. कोडमध्ये ट्रीमॅप आणि त्याच्याच जातीचा कॉन्करंटस्किपलिस्टमॅप शोधून त्यातल्या कीचा प्रकार ‘व्यवहार’ आहे का, हे आजच बघून घ्या.